खाडीचे गणित आणि नागपूरचे पाणी

खाडीतील बदल सांगणारी संगणकीय मॉडेल्स म्हणजे अंदाजपंचे कारभार, सजीवांचे गणित मांडताच येत नाही, आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपूरकरांना त्याचे काय, असा मजकूर सध्या शहरात मोबाइलवरून फिरतो आहे. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. माझेच काही विद्यार्थी तो पुढे पाठवत आहेत हे पाहून वाईट वाटले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मॉडेलची सुरुवात अंदाजाने होत नाही, मोजण्याने होते. नाग नदीच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरून तीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की, पाण्यात प्राणवायू असल्यास तपकिरी साका खाली बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो. शहरातल्या पुलाखालून आणलेल्या नमुन्यात तो पांढरा साका विद्यार्थ्यांनी आणि मी अनेकदा पाहिला आहे. असे आकडे घेऊन मॉडेल जमाखर्च मांडते: हवेतून किती प्राणवायू आला, मैला कुजवताना जिवाणूंनी किती खर्च केला. स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी तिथल्या ओहायो नदीसाठी हा हिशोब १९२५ मध्येच मांडला होता. खाडीत तो अवघड होतो, कारण गोडे पाणी हलके म्हणून वर राहते, भरतीचे खारे पाणी तळाने आत सरकते आणि हे थर मिसळले नाहीत तर तळाला प्राणवायू पोचत नाही.

सजीवांबद्दलच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. कोणता मासा किती वाढेल हे सांगताना मॉडेल कच्चे पडते. तळाच्या प्राणवायूबाबत मात्र ते बरेच भरवशाचे ठरते. अमेरिकेतील चेसापीक खाडीत जानेवारी ते मे या काळात नद्यांनी आणलेल्या नत्रावरून (नत्राने शेवाळ माजते आणि ते कुजताना प्राणवायू खर्च होतो), उन्हाळ्यात प्राणवायू कमी असलेले पाणी किती पसरेल, याचा अंदाज दरवर्षी आधीच जाहीर होतो आणि नंतर प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिला जातो. चुकलेला अंदाज त्यामुळे लपत नाही.

नागपूरला काय त्याचे, हा मुद्दा मला सर्वांत खटकला. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि तिच्या मुखाशी आंध्रातील कोरिंगाचे खारफुटीचे वन. आपल्या सांडपाण्यातील नत्र-स्फुरदाचा काही भाग गोसीखुर्दच्या जलाशयात अडकतो, काही वाटेत शेवाळ आणि जिवाणू संपवतात, आणि उरलेला किती खाली पोचतो हे नदीभर मोजमाप करून मॉडेल मांडल्याखेरीज कळणार नाही. चेसापीकसाठी २०१० मध्ये प्रदूषणाची मर्यादा ठरली, तेव्हा त्या खाडीचा काठही न लाभलेल्या न्यूयॉर्क राज्यालाही आपला वाटा उचलावा लागला, कारण खाडीला मिळणारी सस्क्वेहाना नदी तिथे उगम पावते.