फायब्रोमायल्जिया आणि ‘एकच खरा स्पेशालिस्ट’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर जुनाट दुखणं, सोबत थकवा आणि बिघडलेली झोप. त्याबद्दल एक मेसेज बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा : हा संधिवाताचाच प्रकार असल्यामुळे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टशिवाय (संधिवाततज्ज्ञाशिवाय) निदान होत नाही. सगळ्या रक्ततपासण्या आधीच करून घ्या. मानसोपचाराकडे पाठवणाऱ्या डॉक्टरला तुमचं दुखणं खोटं वाटतं, त्याला सोडा. प्रत्येक त्रासाला त्या-त्या विषयाचा तज्ज्ञ धरा. योग्य माणूस मिळाला की आजार मुळापासून जातो. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेलही, पण हा सल्ला तंतोतंत पाळला तर फाईल जाड होते आणि दुखणं आहे तिथेच राहतं.

‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्टशिवाय निदान होत नाही’

या समजाचं मूळ १९९० च्या निकषांत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने तेव्हा अंगावरचे १८ बिंदू ठरवले होते. अंगभर दुखणं असेल आणि दाबल्यावर त्यांपैकी किमान ११ बिंदू दुखले, तर फायब्रोमायल्जिया. दाब किती द्यायचा, याचा हात बसलेला डॉक्टर त्यासाठी लागे. २०१० मध्ये या बिंदूंची अट गेली आणि २०१६ मध्ये निकष पुन्हा सुधारले. आता गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखले, ते मोजतात. थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि लक्ष-स्मरणशक्तीच्या तक्रारी यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी, पोटात कळा आणि नैराश्य यांना प्रत्येकी एक. म्हणजे तीव्रतेचे जास्तीत जास्त १२ गुण. निदानासाठी हवं : किमान ७ भाग आणि किमान ५ गुण, किंवा ४ ते ६ भाग आणि किमान ९ गुण, दुखणं शरीराच्या पाचपैकी निदान चार विभागांत, आणि हे सगळं तीन महिन्यांपासून साधारण त्याच पातळीवर. फॅमिली डॉक्टरने प्रश्नावली भरून घेतली आणि अंग नीट तपासलं, तर तो हे निदान करू शकतो.

मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट कधी? सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजला, सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकून हालचालीने सुटत असला, तोंडात वारंवार फोड येत असले, उन्हाने चट्टे उठत असले, थंडीत बोटं पांढरी पडत असली किंवा ईएसआर-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले असले तर नक्की. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या अचानक आखडायला लागल्या, तरीही.

आणखी एक वेळ येते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आमवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच माणसाला असू शकतात. एकामुळे दुसरं बाद होत नाही, हे २०१६ च्या निकषांत स्पष्ट आहे. अशा वेळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला नेमकं विचारायचं : हे दुखणं सुजेचं आहे की नाही? नसेल, तर आमवाताची औषधं चढवत नेण्यात अर्थ नाही.

‘सगळ्या रक्ततपासण्या आधीच करून घ्या’

हा आजार ‘पॉझिटिव्ह’ दाखवणारी एकही नेहमीची तपासणी नाही. रक्तातल्या पेशी, ईएसआर, सीआरपी आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढ्यावर सहसा भागतं. स्नायूंत खरा अशक्तपणा असेल किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल, तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी). लक्षणं नसताना एएनए (ल्युपससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांसाठीची तपासणी) करणं मात्र अंगाशी येतं. १:८० या पातळीला ती शंभरातल्या सुमारे १३ निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. मग ल्युपसची धास्ती बसते आणि फेऱ्या सुरू होतात.

‘मानसोपचाराकडे पाठवलं म्हणजे दुखणं खोटं ठरवलं’

या मुद्द्यात एक कण खरा आहे. अंगाला हात न लावता कुणी ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून चिठ्ठी देत असेल, तर राग रास्त आहे. पण या आजारात मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून पोचवते, आणि त्याच यंत्रणेवर काम करणारी काही औषधं मानसोपचारतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातली आहेत. ड्युलॉक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये थेट फायब्रोमायल्जियासाठी मान्यता मिळाली. नैराश्य नसलेल्यांनाही ते दिलं जातं. मानसशास्त्रज्ञ निवडताना मात्र एक प्रश्न विचारा : जुनाट वेदना किंवा निद्रानाशासाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची ठरावीक उपचारपद्धती) करता का? नुसत्या धीराच्या गप्पांनी इथे फारसं साधत नाही.

‘प्रत्येक त्रासाला वेगळा तज्ज्ञ’

खरं नुकसान इथे होतं. समजा, एकाने वेदनेसाठी ड्युलॉक्सेटीन दिलं, दुसऱ्याने झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन, तिसऱ्याने पाठीसाठी ट्रामाडॉल. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी ठीक दिसते. पण ड्युलॉक्सेटीन यकृतातलं सीवायपी२डी६ हे औषधांवर प्रक्रिया करणारं विकर (एन्झाइम) दाबतं. त्यामुळे अमिट्रिप्टिलीनची रक्तातली पातळी चढते, आणि त्याच विकरावर अवलंबून असलेल्या ट्रामाडॉलचा वेदनाशामक परिणाम मात्र घटतो. वर तिन्हींमुळे मिळून मज्जासंस्थेतल्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम गरजेपेक्षा वाढू शकतो. थरथर, घाम, धडधड, ताप, गोंधळलेपणा दिसला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठायची. प्रीगाबालिन या वेदनेवरच्या औषधाच्या जोडीला ट्रामाडॉल किंवा झोपेची गोळी आली, तर गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो.

म्हणून औषधांची यादी एकाच डॉक्टरच्या हातात असावी. तो फॅमिली डॉक्टर असेल, फिजिशियन असेल किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. पदवीपेक्षा तो पुढच्या महिन्यात भेटेल का, हे जास्त महत्त्वाचं. बाकीच्यांकडे एकेक प्रश्न घेऊन जायचं. मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील, तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) आहे का, हे निद्रातज्ज्ञाला विचारा. तळपायांची आग, बधिरपणा किंवा नवा अशक्तपणा असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ. पेन क्लिनिकमध्ये आधी विचारून घ्या, ते फक्त इंजेक्शनं देतात की पुनर्वसनाची योजनाही आखतात. अंगभर पसरलेल्या दुखण्याला एका जागच्या इंजेक्शनाने सहसा मोठा फरक पडत नाही.

मेसेजमध्ये फिजिओथेरपिस्टचं नावही नाही, ही त्यातली सर्वांत मोठी चूक. युरोपातल्या ‘युलार’ या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या सुधारित शिफारशींत ठाम शिफारस एकाच उपायाला मिळाली : व्यायामाला. नुसता शेक आणि मशीन लावून घरी पाठवणारा फिजिओ इथे पुरत नाही. वाईट दिवशीही झेपेल एवढ्यापासून, बहुतेकांना ५ ते १० मिनिटं चालण्यापासून, सुरुवात करून देणारा हवा. आधी दिवस वाढवायचे, मग मिनिटं, वेग सगळ्यांत शेवटी. बिघडतं ते चांगल्या दिवशी. बरं वाटलं म्हणून तासभर चाललं की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात, आणि ‘व्यायाम मला सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

‘योग्य माणूस मिळाला की मुळापासून जातो’

असं वचन देणाऱ्यापासूनच सावध राहावं. या आजारात तीव्र ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामकं) आणि स्टेरॉइड वापरू नयेत, असं ‘युलार’ सांगते. स्टेरॉइडच्या कमी मात्रेने एक-दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर दुखणं सुजेचं असू शकतं, म्हणून निदानच पुन्हा तपासायला हवं.

डॉक्टर योग्य आहे का, हे त्याच्या पद्धतीवरून कळतं. तो एका वेळी एकच औषध बदलतो. ड्युलॉक्सेटीन ३० मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने ६० वर नेतो. प्रीगाबालिन देताना चक्कर, पायांची सूज आणि वजनवाढ यांची कल्पना आधीच देतो, आणि ही औषधं एकदम थांबवू नका असं बजावतो. काही आठवड्यांनी झोप, चालणं, कामाचे तास यांत काय बदललं ते विचारतो आणि उपयोग नसेल तर औषध हळूहळू काढून घेतो. सलग दोन भेटींत यातलं काहीच विचारलं गेलं नाही आणि चिठ्ठीवर फक्त नवं नाव चढलं, तर औषधांची पूर्ण यादी, सुरू केल्याच्या तारखा आणि बंद केल्याची कारणं एका कागदावर लिहून दुसरा डॉक्टर बघा.