चहा सोडून श्रीमंत झालेला माणूस असेल तर पत्ता पाठवा

सकाळी भुसावळच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. टाय लावलेला पोरगा सांगतोय, रोजचे दोन चहा सोडा, म्हातारपणी करोडपती व्हाल. मी तेव्हा अमळनेर स्टँडवर चहाच पीत होते. असं डोकं फिरलं म्हणता!

दोन चहाचे 20 रुपये धरले तर वर्षाचे होतात 7,300. आमच्या आप्पांचे पतसंस्थेत बुडाले 2 लाख 80 हजार. म्हणजे ते भरून काढायला त्यांना 38 वर्षं चहा सोडावा लागला असता. कापसाचे पैसे होते ते, दोन सालांचे. बँक 9 टक्के देत होती, पतसंस्था 12. आणि चेअरमन आपल्याच गावातला, लग्नकार्यात पुढे असणारा. त्याला नाही कसं म्हणणार?

एक दिवस शटर खाली. बाहेर चपलांचा ढीग, बायाबापे पावत्या हातात घेऊन उन्हात बसलेले. तोंडावर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, सालदाराचा हिशोब करायचा, घरात दमडी नाही. मायने गळ्यातली पोत काढून दिली आणि म्हणाली, "गयं ते गयं. आते जेवी ल्या."

त्या व्हिडिओवाल्याला कुणीतरी हे सांगा, की घरं चहाने बुडत नाहीत. भिडेने बुडतात. मेहुण्याला जामीन राहिलो, भाऊबंदांत नाक राहावं म्हणून सावकाराचे पैसे काढून पोरीचं लग्न केलं, ओळखीचा आहे म्हणून पावती न वाचता सही केली. आणि हल्लीची पोरं! क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू' भरलं की बिल भरलं असं समजतात. उरलेल्यावर वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं रे बाबा, गावचा सावकारही लाजेल. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे म्हणे बिनव्याजी हप्ते, त्याचंही तेच. रोखीत घेतला तर मोबाईल कितीला, एवढं एकदा दुकानदाराला विचारा, मग त्याचं तोंड बघा.

काटकसर वाईट नाही, मान्य. माय पिठाच्या डब्यात नोटा ठेवायची म्हणून आमच्या वह्यापुस्तकांना कधी अडलं नाही. आणि सगळ्याच पतसंस्था बुडव्या नसतात, माझी बहीण एकीत पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, भरते, तिचं नीट चाललंय. पण एवढं तरी माहीत असू द्या: बँकेतल्या ठेवीला विमा असतो, एका बँकेत एका माणसाला व्याजासकट 5 लाखांपर्यंत. सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला नसतो. पैसे 5 लाखांच्या वर असतील तर दोन बँकांत ठेवा. आप्पांच्या वेळी ही हद्द 1 लाखच होती, पण निदान तेवढे तरी हातात आले असते.

पीककर्जाचंही सांगून टाकते. 3 लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडे व्याज शून्य पडतं. तरी लोक कापूस विकल्यावर आधी मोटारसायकलच्या शोरूमला जातात. आणि सोनं! बचत म्हणून घ्यायचं तर नक्षीचा हार कशाला? मोडायला गेलात की घडणावळ गेलीच. मायच्या पोतीचं तेच झालं.

असो. मघापासून चेअरमनवर चिडतेय, पण खरं सांगू? तो फॉर्म मी भरला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, घरातली शिकलेली मीच. वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून आप्पांना दाखवला होता, वर्षाला 8,400 जास्त मिळतात म्हणून. आप्पांनी त्यावरून मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पासबुक अजून कपाटात आहे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. दिवाळीच्या साफसफाईत टाकायला घेतलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुनं अक्षर शे त्यावर."

हे लिहीत होते तेवढ्यात भाच्याचा मेसेज. "मावशी, चहाचं जाऊ दे. एक अ‍ॅप आहे, महिन्याला 2 टक्के देतं. मित्राचा मित्रच चालवतो. टाकू का?"

भुसावळची गाडी किती वाजता आहे, कुणाला माहीत आहे का?