मौन कुणासाठी, ते आधी बघा

इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याआधीची श्रद्धांजलीची मौनं इतकी वाढलीत की आता त्यांना अर्थच उरला नाही, हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी तीन वर्षं ब्रॅडफर्डला होतो. ११ मे १९८५ला तिथल्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबच्या व्हॅली परेड मैदानावर लिंकन सिटीविरुद्धचा सामना चालू असताना जुन्या लाकडी स्टँडला आग लागली, काही मिनिटांत सगळा स्टँड पेटला आणि ५६ माणसं गेली. मोसमाच्या शेवटी त्यांच्यासाठी मौन पाळलं, तेव्हा मी मैदानात होतो. शेजारचे आजोबा, एरवी नव्वद मिनिटं रेफरीवर ओरडणारे, टोपी छातीशी धरून उभे होते. खाली बसताना एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मी इथेच होतो." हे मौन जास्त झालं असं त्यांना कोण सांगणार?

वरून फर्मान येतं आणि कुणा बड्या माणसासाठी देशभरच्या मैदानांवर मौन पाळलं जातं, तेव्हा लोक चुळबुळतात, हे मीही पाहिलंय. कमी करायची तर ती करा. क्लबच्या आपल्या माणसांची, चाळीस वर्षं गेटवर तिकिटं तपासणाऱ्याचंसुद्धा, राहू द्या.