आपला रिफंड सुखरूप कसा बुडवावा

दुकानाने किंवा शॉपिंग अ‍ॅपने परतावा देताना घोळ घातला की काही लोक लगेच हिशेब मागायला लागतात. तुम्ही त्यातले नाही. पैशावरून वाद घालू नये, त्यातून तीनशे रुपयांवरून तर मुळीच नाही, हे तुम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. कंपन्यांना असे सुसंस्कृत ग्राहक फार आवडतात. हे संस्कार शेवटपर्यंत कसे टिकवायचे, ते पाहू.

सुरुवात बिलापासून करावी. दुकानदार म्हणाला, “कच्चं बिल चालेल ना? टॅक्स वाचेल,” की खुशाल मान डोलवा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण एवढ्याशा गोष्टीसाठी कायदा काढणं बरं दिसत नाही. पक्कं बिल मिळालंच, तर ते पाकिटात प्लॅस्टिकच्या कप्प्यात नीट जपून ठेवा. ते थर्मल कागदावर छापलेलं असतं, त्यामुळे काही महिन्यांत शाई उडून कोरा कागद हाती येतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखवणं. ऑनलाइन ऑर्डर करतानाही परतीच्या अटींचा स्क्रीनशॉट घेऊ नका. महिन्याभराने त्या पानावर काय लिहिलेलं असेल, याची थोडी उत्सुकता शिल्लक राहू द्यावी.

आता मुख्य मजा, आकडा. समजा, ३,००० चा मिक्सर आणि १,००० ची इस्त्री एकाच ऑर्डरमध्ये घेतली, ‘३,५०० च्या वर ४०० सूट’ असं कुपन लावलं आणि ३,६०० भरले. इस्त्री तापत नाही म्हणून परत केली. सूट किमतीच्या प्रमाणात वाटली, तर इस्त्रीच्या वाट्याला १०० येतात आणि परतावा ९०० व्हायला हवा. कंपनी म्हणेल, उरलेली खरेदी ३,५०० च्या खाली गेली, कुपन रद्द, म्हणून ६००. ही अट ऑर्डर करण्याआधी दाखवली होती का, आणि वस्तूच सदोष निघाली असताना तिचा भुर्दंड ग्राहकावर का, हे दोन प्रश्न इथे विचारता येतात. तुम्ही विचारणार नाही, ते सोडा. प्रत्यक्षात खात्यात ५४१ आले, तर ते ९०० च्या हिशेबातही बसत नाहीत आणि ६०० च्याही. कुठेतरी डिलिव्हरीचे ४० आणि प्लॅटफॉर्म फीचे १९ वळते झालेले असतात. कागद-पेन्सिल घेतली की पाच मिनिटांत चूक सापडते, म्हणून घेऊ नका. ‘पैसे कमी आलेत’ एवढंच मोघम सांगा. समोरचा तितक्याच मोघमपणे ‘सर, सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय’ म्हणेल आणि दोघांचाही दिवस वाचेल.

तक्रार करायचीच झाली, तर फक्त फोनवर करा. फोनवर दिलेल्या आश्वासनाचा तुमच्या हातात काहीच पुरावा उरत नाही, हा फोनचा मोठाच गुण. दर वेळी नवा प्रतिनिधी येतो, तुम्ही पहिल्यापासून सगळं सांगता आणि तो ‘४८ तासांत होईल’ म्हणतो. ई-कॉमर्स नियम, २०२० मध्येही हे ४८ तास आहेत, पण वेगळ्या अर्थाने. प्रत्येक प्लॅटफॉर्मने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क साइटवर दाखवायचा, तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा तो नियम आहे. हा अधिकारी सहसा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत राहतो. त्याची झोपमोड करू नका. ऑर्डर क्रमांक, भरलेली रक्कम, आलेली रक्कम, फरक आणि तारीख अशा पाच ओळींचा ईमेल गेला की महिना मोजायला सुरुवात होते, आणि ते कुणाच्याच हिताचं नाही.

अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत ‘रिफंड पूर्ण’ दिसतं आणि बँकेत दमडी नसते, तेव्हा तर श्रद्धेची कसोटी असते. अशा वेळी संदर्भ क्रमांक चुकूनही मागू नये. कार्डावरच्या परताव्याला २३ अंकी एआरएन असतो, यूपीआयला १२ अंकी आरआरएन. तो हातात असला की पैसे कुठे अडकलेत हे बँकेला शोधता येतं. नसला, तर दुकान बँकेकडे बोट दाखवतं, बँक दुकानाकडे, आणि तुम्ही मध्ये उभे. मागून घेतलेला क्रमांक बँकेला देऊनही तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, तीही फुकट. लोकांना काय काय फुकट मिळतं हल्ली!

वाद घालायचाच असेल, तर चुकीच्या नियमावर घाला. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानात पैसे भरताना खात्यातून वजा झाले, पण दुकानाकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हा नियम फसलेल्या व्यवहारासाठी आहे. परत केलेल्या इस्त्रीच्या रिफंडला तो ठणकावून लावलात की कंपनीचा प्रतिनिधी अतिशय नम्रपणे तुम्हाला खोटं पाडतो, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही कुणी बघत नाही.

पैशांऐवजी वॉलेटमध्ये ‘तात्काळ क्रेडिट’ देऊ केलं, तर त्या मोठ्या रंगीत बटणावर लगेच अंगठा टेका. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठीच्या, म्हणजे ग्राहकाचे पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या, नियमात रिफंड मूळ मार्गानेच यायला हवा, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरीकडे. ती संमती म्हणजेच तो अंगठा. नंतर वॉलेटची मुदत संपली, की मुदतीची अट तुम्हीच मान्य केली होती.

दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दिसली की तिला वेदवाक्य मानावं. खरं तर सदोष माल परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पाटी रंगवल्याने कायदा रद्द होत नाही. मात्र रंग आवडला नाही किंवा वहिनींनी नाक मुरडलं, एवढ्यावर पैसे परत मागण्याचा हक्क कायदा देत नाही, तिथे दुकानाचं धोरणच चालतं. तेव्हा भांडायचंच असेल, तर नावडत्या रंगावरून भांडा आणि न तापणारी इस्त्री मुकाट्याने माळ्यावर टाका.

ईएमआयवर घेतलेली वस्तू परत केली, तर कार्डाचं विवरण उघडूच नका. दुकानाने रक्कम परत केली तरी हप्ते रद्द करण्याचा निरोप बँकेपर्यंत गेला नसेल, तर हप्ता कापला जातच राहतो. प्रक्रिया शुल्क तर बहुधा परत येतच नाही. वस्तू घरात नाही आणि हप्ता मात्र चालू, असलं वैराग्य फार थोड्यांच्या नशिबी असतं.

एवढं करूनही रिफंड बुडत नसेल, तर कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधा आणि पहिला दिसेल तो लावा. समोरचा अत्यंत आपुलकीने बोलेल, स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप उतरवायला सांगेल आणि ‘पैसे घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाका म्हणेल. पैसे यायला पिन लागत नाही, पिन पैसे जायला लागतो. नंतर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर गेलेली रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून आधी दोन दिवस घरच्यांपासून लपवावं.

राहता राहिला कायदा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही तक्रार घेते. तिला आदेश देता येत नाही, पण तिने कंपनीला विचारणा केली की पुष्कळदा चूक अचानक ‘सिस्टीममध्ये’ दिसू लागते. त्यानेही नाही भागलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, आणि कंपनीचं मुख्यालय बंगळुरूत असलं तरी तुम्ही सांगलीत राहत असाल तर सांगलीतच तक्रार दाखल होते. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्याही करता येते. आदेश पाळला नाही, तर महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यावर एकच उतारा आहे: तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं असते, तेवढी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत काढायची.

कधी कधी चूक उलट दिशेनेही होते. ९०० ऐवजी ९,००० खात्यात येतात. तेव्हा मात्र तुमचा फोन नंबर कंपनीला एका तासात सापडतो आणि तुमच्याशी बोलणारा माणूसही रोज तोच असतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात, तेव्हा ते ८,१०० तुमचे नाहीत. फोन करणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवर ते तडक भरून टाका. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लेखी मागणी मागवणं किंवा बँकेमार्फत परत करणं हे संशयी लोकांचे उद्योग. आणि परत देताना ९,००० च दिलेत की ८,१००, हे तपासू नका.