थंडीतला पांढरा साका म्हणजे भेसळ नव्हे

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या बचत गटाच्या एक ताई भांडी घासायच्या लिक्विडच्या सहा बाटल्या घेऊन माझ्याकडे आल्या. सगळ्या गिऱ्हाइकांनी परत केलेल्या, सगळ्यांच्या तळाशी पांढरा साका. "सर, मी खडू नाही जी मिसळवला." गिऱ्हाईक तुटलं ते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजमुळे. मेसेज म्हणतो: थंडीत लिक्विड पांढरं पडलं की समजा भेसळ, पाणी जितकं गरम तितकं साबणाचं काम चांगलं, आणि पॉलिमर हे प्लास्टिक साबणाला बांधून निकामी करतं.

साक्याचं आधी बोलू, कारण त्यात एका बाईची मेहनत अडकली आहे. या लिक्विडमध्ये एसएलएस असतं, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपटी तेलाला. पाण्यात ठरावीक प्रमाण ओलांडलं की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून रेणूंचे गोळे बनतात. हे मिसेल. तेलकटपणा त्यांच्या पोटात शिरतो. पण पाणी फार गार झालं तर मिसेल बनण्याइतकं एसएलएस विरघळतच नाही, त्याचे स्फटिक होऊन तळाशी बसतात. ज्या तापमानाखाली असं होतं त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. शुद्ध एसएलएससाठी ते साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट त्याच्याही खाली उतरते. त्यात लिक्विड दाट करायला मीठ घातलेलं असलं तर हे तापमान आणखी वर सरकतं.

मी एक बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली. आधी सुयांसारखे चकचकीत कण सुटे झाले, मग विरले, आणि लिक्विड पुन्हा पारदर्शक झालं. खडू असता तर तसाच राहिला असता. ही परीक्षा कुणीही घरी करावी.

गरम पाण्याने तूप-डालडा वितळतो, तेवढं खरं. पण मिसेलचं गणित सरळ चढत जात नाही. एसएलएसला मिसेलसाठी सगळ्यात कमी माल लागतो तो २५ अंशांच्या आसपास, लिटरला साधारण २.३ ग्रॅम. त्यापुढे तापवाल तसं जास्त लागतं. विद्युतभार नसलेल्या काही साबणद्रव्यांचं तर तापवल्यावर द्रावणच दुधाळ होतं. ट्रायटन एक्स-१०० नावाच्या अशा एका द्रव्याचं साधारण ६५ अंशांना असं होतं.

पॉलिमरबद्दलचं अर्धसत्य सगळ्यात घातक. पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखा रेणू. त्यातल्या पॉलिइथिलीन ऑक्साइडची साखळी एसएलएसला बांधते, हे खरंच आहे. पण कशी? साखळीवर मण्यांसारखे मिसेलचे छोटे पुंजके बसतात, आणि तेही नेहमीच्या जवळपास निम्म्या प्रमाणातच बनू लागतात. साखळी भरेपर्यंत सुटे मिसेल उशिरा येतात, एवढाच फरक. साखळीवरचे पुंजकेही तेल सामावून घेतात, मग निकामी काय झालं? कपड्यांच्या पावडरीतलं कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज तर एसएलएससारखंच ऋणभाराचं, त्यामुळे हे पॉलिमर एसएलएसला फारसं चिकटत नाही. ते सुती कापडावर बसतं आणि निघालेला मळ परत बसू देत नाही. आणि मेसेज ज्याला प्लास्टिक म्हणतो, ते बनतं लाकूड-कापसातल्या सेल्युलोजपासून.

ताईंना मी एवढंच सुचवलं: मीठ थोडं कमी करा, आणि एसएलएसचा काही भाग काढून एसएलईएस (सोडियम लॉरिल ईथर सल्फेट, एसएलएसचंच भावंड) याची पेस्ट घाला, ती इथल्या थंडीत गोठून तळाशी बसत नाही. साफ झालेली बाटली घेऊन त्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे निघाल्या, सोबत कोमट पाण्याचा थर्मास.