जंतांची गैरसोय होऊ नये म्हणून

मागच्या टेकडीवर बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला, की सुज्ञ पुणेकराला पहिली शंका येते: या जनावरापासून आपल्याला काही रोग तर होणार नाही ना? शंका रास्त आहे. आपल्यापासून त्याला काही होईल का, हे विचारायचं नसतं. तो सभासद नाही, मेंटेनन्सही भरत नाही.

तरीही दोन्ही बाजूंची देवाणघेवाण सुरळीत चालावी, म्हणून थोडं मार्गदर्शन करतो. बरंचसं तुम्ही करताच.

रविवारच्या मटणाची हाडं आणि उरलेला रस्सा पिशवीत बांधून टेकडीच्या पायथ्याशी ठेवत जा. याला भूतदया म्हणतात. चार कुत्र्यांची चौदा झाली, की बिबट्याला आमंत्रण वेगळं द्यावं लागत नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांनी खाल्लेल्या एकूण वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्र्याबरोबर त्याच्या गोचिडी, जंत आणि असलाच तर डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजारही आयता पोचतो. त्यामुळे लसीवर खर्च करू नका. १९९४ साली टांझानियातल्या सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरच्या साथीत गेले आणि संशय आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांवर आला. २०१८ मध्ये गीरमध्येही त्याच विषाणूने सिंह मारले. पण ते सिंह. आपल्याकडे बिबटे आहेत, काळजी नसावी.

आता मटणाच्या दुकानाकडे वळू, कारण खरं कौशल्य तिथे आहे. मेंढीच्या कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ सापडली, की ती पुरायची किंवा जाळायची नाही. दाराशी बसलेल्या कुत्र्यापुढे टाकायची. त्या गाठीत फीतकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याच्या आतड्यात तिचे जेमतेम काही मिलिमीटरचे कृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, गवत मेंढी खाते आणि चक्र पुन्हा सुरू. लांडगा-कोल्ह्यालाही यात भाग घेता येतो. सासवड-सुप्याच्या माळावर मेंढरं, कुत्री आणि लांडगे एकाच रानात फिरतात, त्यामुळे सोय उत्तम आहे. माणूस यात आगंतुक. अंडी त्याच्या पोटात गेली तर गाठ यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि एक दिवस भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दर्शन देते. मग दोष अर्थातच लांडग्याचा.

तुमच्या लॅब्राडोरला जंताची गोळी देऊ नका, केमिकल असतं. टेकडीवर पट्टा सोडा. विष्ठा उचलायची पिशवी हातात असू द्या, पण वापरून खराब करू नका. गोलकृमीची अंडी दोन-तीन आठवड्यांत मातीत तयार होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. तेवढ्यात कुणाचं तरी नातवंड तिथे खेळायला येईलच.

निसर्गप्रेमींसाठी खास सूचना. वाटेवर केसाळ विष्ठा दिसली तर ती उघड्या हाताने फोडून कुणाची आहे ते मित्रांना सांगा आणि त्याच हाताने वडापाव घ्या. काही प्रयोगशाळांत कोल्ह्याची विष्ठा तपासण्याआधी ती उणे ८० अंशांवर काही दिवस गोठवतात, का तर अंडी मरावीत. भित्री माणसं.

भीतीवरून आठवलं. केनियाच्या मसाई मारामध्ये टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची लागण झालेली तरसाची पिल्लं सिंहांच्या जास्त जवळ जाताना आढळली आणि सिंहांच्या तावडीत सापडून मेलीही. हा परजीवी आपली अंडी फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून सोडतो. बिबट्यामागे मोबाइल घेऊन पळणाऱ्यांचं रक्त अजून कुणी तपासलेलं दिसत नाही.

एवढं करूनही एखादा बिबट्या झुलत, लाळ गाळत भरदिवसा पार्किंगमध्ये आलाच, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ठणकावून विचारा, की तुमच्या जनावरांना लसी कोण टोचणार?