मोरचूद, पोपटी आणि थोडी गार केलेली रेड वाईन

आमच्याकडे अलिबागजवळ नागावला उतरणारे पाहुणे दोन प्रकारचे. एक, जे डिकीतून बियरचा क्रेट उतरवतात आणि विचारतात, "काकू, फ्रीजमध्ये जागा आहे ना?" दुसरे, जे कापडात गुंडाळलेली एकच बाटली आणतात, ती ओटीवरच्या टेबलावर मांडतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "ऑरगॅनिक आहे." काशीहून आणलेला गंगेचा गडूच जणू. या दुसऱ्या प्रकारचे पाहुणे हल्ली वाढलेत. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधीच सांगते, मी काही वाईनची जाणकार वगैरे नाही. पन्नाशीपर्यंत थेंब चाखला नव्हता. भाचा फ्रान्सला ल्योंमध्ये शिकायला गेला आणि दर सुट्टीला दोन-तीन बाटल्या आणायला लागला, तिथून सुरुवात. आता आठवडाभर पाहुण्यांचा स्वयंपाक झाल्यावर रविवारी रात्री एक ग्लास घेते. कुणाला खटकत असेल तर इथेच थांबा, पुढे आणखी खटकेल.

तर आधी ते 'ऑरगॅनिक'. बहुतेकांना वाटतं, ऑरगॅनिक म्हणजे द्राक्षावर काहीच मारलेलं नाही. तसं नसतं. आणि हे मला कुठल्या वाईनवाल्याने नाही, आमच्या वाडीतल्या पोफळींनी शिकवलं.

दरवर्षी पाऊस तोंडावर आला की आमच्या अंगणात तीन प्लास्टिकची पिंपं येतात. एकात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, भिजलेला, दुसऱ्यात चुना, आणि तिसऱ्यात दोघांचं लग्न. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मामंजी होते तोवर मिश्रण तेच करत. शेवटी कोयत्याचं घासलेलं पातं त्यात बुडवून बघत. पातं तांबूस झालं की म्हणत, "चुना कमी पडलाय." मग पुन्हा चुना. मग गडी पोफळीवर चढून घोसांवर फवारणार. हे केलं नाही तर श्रावणात कोळे रोगाने सुपाऱ्या सडून खाली सडा पडतो. महिना-दीड महिन्याने उघडीप बघून दुसरी फवारणी. या निळसर पाण्याला आम्ही 'बोर्डो' म्हणतो, आणि हे बोर्डो म्हणजे फ्रान्सचं ते वाईनवालं बोर्दो, हे मला लग्नानंतर वीस-बावीस वर्षांनी कळलं!

गोष्ट मजेशीर आहे. तिकडे मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडून ठेवत, विषारी दिसावं आणि चोराने हात लावू नये म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा रोगाने सगळा मळा झडलाय, पण रस्त्याकडेच्या या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जाहीर केलं. चोरांसाठी केलेला बंदोबस्त बुरशीला लागू पडला आणि तिथून फिरत फिरत आमच्या अष्टागरातल्या पोफळींपर्यंत आला.

तर हाच मोरचूद सेंद्रिय द्राक्षबागेतही चालतो. रासायनिक बुरशीनाशकं चालत नाहीत, पण तांबं चालतं, गंधक चालतं. युरोपात त्याला मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं. कारण तांबं कुठे जात नाही, मातीतच साठत राहतं. मग बाटलीवर हिरवं पान छापलेलं बघून हात जोडणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, पाऊस जास्त झाला त्या वर्षी किती वेळा मारलं? तांबं धुऊन गेलं की पुन्हा मारावं लागतं, हे पोफळीवाल्याला सांगायला नको. कोरड्या, वाऱ्याच्या डोंगरावर सेंद्रिय द्राक्ष करणं वेगळं आणि ओल्या हवेत करणं वेगळं. आपल्याकडे नाशिकला पाऊस संपल्यावर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, करतात आणि जानेवारी ते मार्च द्राक्ष काढतात ते उगाच नाही. तरी ऑक्टोबरात अवकाळी झोडपून गेला की सेंद्रियवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं.

म्हणजे सेंद्रिय हे थोतांड आहे का? अजिबात नाही. मला ते हवंच आहे. पण सेंद्रियइतकंच मी 'लहान' बघते. दोन-चार हेक्टरवाला माणूस प्रत्येक वेलीजवळ जाऊ शकतो, पानं विरळ करून वारा खेळता ठेवू शकतो, सडका घड हाताने काढून टाकू शकतो. त्याचं निम्मं औषध तिथेच वाचतं. शेकडो एकरवाल्याला हे परवडत नाही, तो यंत्राने सरसकट मारून मोकळा होतो. उलट अनेक लहान शेतकरी सगळं नीट करूनही दाखला काढत नाहीत, कारण फी आणि कागद झेपत नाहीत. माझ्या वाडीलाही कसला दाखला नाही. पण कुणी विचारलं तर मी पिंपापाशी उभी राहून काय मारते ते दाखवू शकते.

सल्फाइटबद्दल थोडक्यात. वाईन टिकावी म्हणून गंधकाचा हा प्रकार घालतात. युरोपात कोरड्या रेड वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, सेंद्रियला १००. शून्य मात्र कधीच नसतं, आंबताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. "सल्फाइटने माझं डोकं दुखतं" म्हणणारे ते केशरी चकचकीत जर्दाळू मूठभर खातात, त्यात वाईनच्या कितीतरी पट असतं. डोकं बहुधा तिसऱ्या ग्लासाने दुखतं.

पण कमी गंधकाची बाटली नाजूक असते, हे मात्र खरं. मागे मे महिन्यात एका जोडप्याने अशी बाटली आणली. मुंबईहून येताना गाडी उन्हात दोन ठिकाणी उभी, बाटली डिकीत. उघडली तर गोठ्याचा वास आणि वर शिरक्याचा ठसका. नवरा घोट घेत म्हणतो, "नॅचरल वाईन अशीच असते काकू, जिवंत असते." अहो, ताक नासलं तर ते जिवंत म्हणून पितो का आपण? खराब ती खराब. ती वाईन मी दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये ओतली. वाईट वाटलं, कारण कुठेतरी कुणीतरी बिचाऱ्याने मन लावून केली असणार.

आता खाण्याकडे येते, माझं खरं भांडण तिथे आहे. जो तो सांगतो की रेड वाईन मटणाबरोबर. बरोबर आहे, त्यांच्या मटणाबरोबर. मीठ-मिरी लावून भाजलेल्या मांसाबरोबर. आमच्या मटणात सुकं खोबरं, गरम मसाला आणि तळहात लाल करणारी मिरची असते. त्याच्यावर साडेचौदा टक्के अल्कोहोलची जड, तुरट रेड प्यायली की तोंडात जाळ होतो. अल्कोहोलने तिखट आणखी चढतं. दोन हजारांची बाटली आणि हजाराचं मटण, दोघांचंही नुकसान. मटणाच्या रश्शाबरोबर भाकरी खा, कांदा खा, गार पाणी प्या.

मासळी? तेलकट मासळीबरोबर रेड अजिबात नको. बांगड्याबरोबर घेऊन बघा एकदा, तोंडात गंजलेला गळ धरल्यासारखं होतं. याचं कारण जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं, वाईनमधल्या लोहामुळे माशाचा हिमूस वास उसळून येतो. त्यांनी प्रयोग सुकवलेल्या शिंपल्यांवर केला होता. म्हणजे आपल्या सुकटी-बोंबलालाही तोच न्याय. सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, खिचडीवर माझा फार जीव आहे, म्हणून मी तिच्याजवळ बाटली आणत नाही. आणि सोलकढी? ती आंबट, त्यात लसूण, मिरची. तिच्यानंतर घेतलेली कुठलीही वाईन पाण्यासारखी लागते.

मग उरलं काय? उरली पोपटी.

रायगडाबाहेरच्यांसाठी सांगते. भात कापला की त्याच शेतात राहिलेल्या ओलीवर वाल होतात. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा. मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, बटाटे, अंडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-झावळ्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच उडालं की झालं. उघडल्यावर जो वास येतो त्यात धूर असतो, ओवा असतो, ओल्या रानाचा वास असतो आणि भांबुर्डीचा तो कडवट, औषधी दरवळ. तो मला लिहिता येत नाही, येऊन घ्या.

यात तिखट जवळजवळ नाही, आंबट नाही, नारळ नाही. धूर आहे आणि वालाचा किंचित कडसर गोडवा आहे. गेल्या पोपटीला भाच्याने फ्रान्सच्या बोजोले भागातली एक बाटली आणली होती, गामे नावाच्या द्राक्षाची. हे गामे म्हणजे एकेकाळचं वाळीत टाकलेलं द्राक्ष. १३९५ साली बरगंडीच्या ड्यूकने त्याला हलकं ठरवून वेली उपटायचा हुकूम काढला होता. पण बोजोलेत ते रुजलं, आणि विसाव्या शतकात तिथल्याच ज्यूल शोवे नावाच्या वाईन-व्यापारी रसायनतज्ज्ञाने कमीत कमी गंधक वापरून वाईन कशी करता येते हे दाखवलं. मॉर्गों गावच्या मार्सेल लापिएरसारखे शेतकरी त्याच्या मागून गेले. तिथे द्राक्षं चेचत नाहीत. अख्खे घड बंद टाकीत ठेवतात, दाण्याच्या आतच आंबणं सुरू होतं. त्यामुळे रंग येतो पण तुरटपणा फारसा येत नाही. चव जांभळाकडे आणि करवंदाकडे झुकणारी.

माझी जाऊ वाल सोलता सोलता एक घोट घेऊन म्हणाली, "हे चालेल गं, हे जेवणात लुडबुड करत नाही." एवढं नेमकं मी कुठल्या वाईनवाल्याकडून ऐकलेलं नाही. जड तुरट रेड असती तर वालाचा कडसरपणा आणि तिचा तुरटपणा मिळून तोंड वाळलं असतं. या हलक्या वाईनने उलट धुराला धरलं. फक्त अंडी तेवढी आधी किंवा नंतर खावीत. उकडलेला बलक जिभेवर बसला की वाईनची चवच लागत नाही.

तसंच सिसिलीच्या फ्राप्पातोचं. तिथे व्हित्तोरिया भागात हे फिकट लाल, सुवासिक द्राक्ष होतं आणि सेंद्रिय करणारे बरेच आहेत. ओल्या काजूच्या उसळीबरोबर, मिरची हात राखून घातली असेल तर, छान. कोवळ्या फणसाच्या भाजीबरोबरही. वालाच्या बिरड्यात गूळ कमी घाला, मग तेही चालतं.

आणि गार करा हो. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला' म्हणतात ती रूम युरोपातली, सोळा-सतरा अंशांची. आमची रूम बत्तीसची. पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवायची युक्ती घाटावर चालते, आमच्या दमट हवेत फडकं वाळतच नाही.

परदेशी बाटली महाग पडते, त्यात आयात शुल्क. मग इथली बघा. अकलूजकडे सांजोव्हेजे ही इटालियन जात लावलेली आहे, नाशिकला बरंच काही होतं. ती सेंद्रिय आहे असं मी म्हणत नाही, लेबल तुम्ही वाचा. लाकडाच्या पिंपात फार मुरवलेली नको आणि अल्कोहोल तेराच्या आत, एवढं बघितलं तरी पोपटीला पुरे.

२०२२ साली सुपरमार्केटात वाईन ठेवण्यावरून आपल्याकडे रण पेटलं होतं तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हेच' असं काहीजण छातीठोकपणे सांगत होते. दारूच आहे ती. तेरा टक्के अल्कोहोल आहे, गाडी चालवायची असेल तर शिवायची नाही. आणि ही काही नवी थेरंही नव्हेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक टिपणात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत शेजारचं आमचं चौल येतं, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात वाईन येते, त्यातही पसंती इटलीच्या वाईनला. पुढे रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज १७४० पर्यंत होते, खाडीपलीकडच्या कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. त्यांनी काय पाण्यावर दिवस काढले?

आमचे हे पीत नाहीत. पण त्या रात्री बाटली उचलून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मागचं लेबल वाचलं आणि भाच्याला विचारलं, "हेक्टरी मोरचूद किती मारतात रे?" भाच्याला सांगता येईना. तो म्हणाला, "काका, त्यांना मेल करून विचारतो." अजून उत्तर आलेलं नाही. हे मात्र दर रविवारी फोनवर आठवणीने विचारतात, आणि जूनच्या आधी कळलं तर बरं, असंही सांगतात.